कागद तिथला, पत्ता आपला

धारूर भागातून एका ताईंचं पत्र आलं आहे. मोठं आहे, गाभा तेवढा देतो.

"माझे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जायचे. यंदाच्या जानेवारीत बेळगाव जिल्ह्यातल्या एका गावात, उसाच्या फडाजवळच्या कोपीवर, म्हणजे आमच्या झोपडीवर, रात्री अडीचच्या सुमाराला वडिलांच्या छातीत कळ आली. वय अठ्ठेचाळीस. टोळीतल्या माणसांनी जवळच्या डॉक्टरकडे नेलं, ते म्हणाले, संपलंय. पोलीस नाही, पोस्टमॉर्टेम नाही. सकाळी टेम्पो करून गावी आणलं आणि संध्याकाळी माती दिली. आमचे ग्रामसेवक म्हणतात, मृत्यू इथं झाला नाही, मी नोंद घेऊ शकत नाही. एक जण मात्र म्हणतात, 'घरीच वारले' असं लिहून द्या, दोन साक्षीदार आणा, पुढचं मी बघतो. दहा महिने झाले. दीड एकराचा सातबारा वडिलांच्या नावावर आहे. बँकेतून कसल्या तरी विम्याचा हप्ता कापला जायचा. टोळीचा मुकादम म्हणतो, आगाऊ घेतलेली उचल फिटलेली नाही, आधी तिचं बघा. आता आई आणि भाऊ त्याच टोळीतून पुन्हा निघालेत. मी लग्न झालेली मुलगी. मला यात पडायचा अधिकार तरी आहे का?"

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो विचारताना तुमचा हात अडखळला असणार. अधिकार आहे. माहिती देणारी म्हणून आईचं नाव सगळ्यात बळकट, कारण ती तिथं हजर होती. पण अर्ज लिहिणं, कागद जमवणं, कचेरीत पाठपुरावा करणं हे सगळं तुम्ही करू शकता. नोंद एकदा झाली की तिचा उतारा कोणीही मागू शकतो, मग तुम्ही तर लेक आहात. लग्नानं हे नातं तुटत नाही. सातबाऱ्याच्या वेळी हाच प्रश्न पुन्हा उभा राहील, तेव्हा त्याच्याकडे येतो.

आता ग्रामसेवकांचं. मी स्वतः अनेक वर्षं ग्रामसेवक म्हणून हेच रजिस्टर लिहिलं आहे, म्हणून सांगतो: ते अडवणूक करत नाहीत, त्यांचं म्हणणं बरोबर आहे. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा, आणि तो केंद्राचा आहे, साऱ्या देशाला एकच. त्याखालचे नियम मात्र प्रत्येक राज्याचे वेगळे. आपले २००० सालचे, कर्नाटकाचे १९९९ चे. पण दोन्हीकडे पाया एकच: जिथं माणूस गेला, त्या हद्दीतल्या निबंधकाकडे, म्हणजे नोंद ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, नोंद. माणूस कुठला होता, दहन किंवा दफन कुठं झालं, यावर नोंदीचं ठिकाण ठरत नाही. उमरग्याचा रुग्ण सोलापूरच्या दवाखान्यात गेला तर नोंद सोलापुरात, आणि ती कळवायची जबाबदारी त्या दवाखान्याची. देगलूरचा माणूस हैदराबादेत गेला तर नोंद हैदराबादेत. वाटेत गाडीतच प्राण गेला, तर गाडी जिथं पहिल्यांदा थांबेल तिथं, आणि ते कळवायचं गाडी ज्याच्या ताब्यात आहे त्यानं. हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असतं. मयत आपल्या गावी आणली म्हणजे कागदही गावीच होईल, असं सगळे धरून चालतात. मग तेराव्यानंतर पंचायतीत आल्यावर कळतं की कागदासाठी दोनशे मैल मागं जायचं आहे.

यात एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण माझ्या अंदाजानं तुमच्या घरची अर्धी घालमेल तिच्यामुळेच आहे. मृत्यूच्या फॉर्मवर दोन वेगवेगळे रकाने असतात. एक 'मृत्यूचे ठिकाण'. दुसरा 'मृताचा कायमचा पत्ता'. पहिल्यात बेळगाव जिल्ह्यातलं ते गाव येईल. दुसऱ्यात तुमचं गाव, तालुका धारूर, जिल्हा बीड, हे सगळं येईल, आणि ते छापील प्रमाणपत्रावरही उतरेल. म्हणजे वडील परमुलखातले ठरत नाहीत. तलाठी जेव्हा तो कागद हातात घेईल, तेव्हा सातबाऱ्यावरचा माणूस तोच हे त्याला त्या दुसऱ्या रकान्यावरून कळेल. 'घरीच वारले' असं लिहून घ्यायची काहीच गरज नाही.

आणि लिहून घेऊही नका. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी ही चूक केली आहे. मोटारसायकलवरून पडलेला एक तरुण दूरच्या दवाखान्यात गेला. त्याची बायको तान्हं लेकरू कडेवर घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. मला वाटलं, हिला कशाला हेलपाटे, आणि मी 'राहत्या घरी' अशी नोंद घातली. मी तिचं भलं करतोय असंच मला वाटलं होतं. तिकडे दवाखान्यानं नियमाप्रमाणे आपल्या हद्दीत नोंद पाठवलेली होती. एकाच माणसाचे दोन मृत्यू झाले, दोन गावांत. विम्याच्या माणसानं दोन्ही कागद टेबलावर शेजारी-शेजारी ठेवले आणि दावा थांबवला. माझी नोंद रद्द करून घ्यायला त्या बाईला दीड वर्ष लागलं. त्या दीड वर्षात ती जेव्हा जेव्हा पंचायतीत यायची, तेव्हा मला मान वर करता यायची नाही.

तुमच्या बाबतीत अख्ख्या टोळीला माहीत आहे की वडील कुठं गेले. टेम्पोवाल्याला माहीत आहे, त्या डॉक्टरला माहीत आहे. खोटी माहिती देणं हा या कायद्याखाली गुन्हा आहे. दंड अडीचशे रुपयांपर्यंतच, पण तो खोटा कागद पुढे बँकेत आणि विम्यात लावला की गोष्ट दंडावर थांबत नाही. आणि सही तुमच्या आईची असणार, त्या 'मी बघतो' म्हणणाऱ्याची नाही.

आता मुदतीचं, आणि इथं घाई आहे. मृत्यू एकवीस दिवसांत कळवायचा असतो. एकवीस ते तीस दिवसांत किरकोळ विलंब शुल्क भरून होतो. तीस दिवसांच्या पुढे वर्षाच्या आत असाल, तर जिल्हा निबंधकाची किंवा त्यानं नेमलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते आणि सोबत स्वतः साक्षांकित केलेला कागद. १ ऑक्टोबर २०२३ पासून कायदा बदलला. पूर्वी इथं नोटरीपुढचं प्रतिज्ञापत्र लागायचं, आता ती अट राहिलेली नाही. पण वर्ष उलटलं की मामला मॅजिस्ट्रेटकडे जातो. जिल्हाधिकारी, प्रांत (उपविभागीय अधिकारी) किंवा त्यांनी अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी चौकशी करून आदेश देतो, तेव्हाच नोंद होते. कर्नाटकात प्रांताला असिस्टंट कमिशनर म्हणतात. आपल्या राज्यात तर २०२५ पासून अशा उशिराच्या अर्जांची छाननी फार काटेकोर झाली आहे. तुम्हाला दहा महिने झालेत. म्हणजे हातात दोन महिने आहेत, आणि ते वाया गेले तर काम कचेरीतून दंडाधिकाऱ्याच्या दारात जाईल.

आणि नेमक्या याच दोन महिन्यांत तुमची आई आणि भाऊ त्याच भागात असणार आहेत. तुम्ही हे पत्रात जाता-जाता लिहिलं आहे. मला मात्र सगळ्या पत्रात तेच ओझं हलकं करणारं वाक्य वाटलं. गावाहून मुद्दाम रजा काढून, गाडीभाडं खर्चून जायचं नाही. टोळी तिथंच उतरणार. ज्याच्या शेतालगत कोपी होती तो शेतकरी तिथंच आहे, ट्रॅक्टरवाला आहे, डॉक्टर आहे. आईला त्या जागेजवळ जाणं जड जाईल हे मी समजू शकतो. तिला कचेरीपर्यंत ओढू नका. एका कागदावर तिचं म्हणणं मराठीत लिहून घ्या, खाली तिचा अंगठा किंवा सही घ्या, आणि भावाला पुढं करा.

भावानं आधी त्या गावच्या पंचायतीत जावं. कर्नाटकात खेड्यातली ही नोंद ग्राम लेखाधिकाऱ्याकडे असायची, म्हणजे आपल्या तलाठ्याच्या जोडीचा माणूस. आता पंचायतीच्या सचिवालाही ताज्या नोंदींचं काम दिलेलं आहे. तुमची नोंद जुनी आहे, तेव्हा पंचायतीतून पुढची वाट विचारून थेट तालुक्याची तहसील कचेरी गाठावी. तिथं मृत्यूच्या माहितीचा फॉर्म आणि उशिराच्या परवानगीचा अर्ज, दोन्ही मिळतील. भाषा कन्नड असेल, पण सीमेवरच्या त्या पट्ट्यात मराठी समजणारा माणूस सहसा भेटतो. टोळीतलं कोणी कन्नड बोलत असेल तर त्याला बरोबर न्या.

डॉक्टरांकडे काय मागायचं हे नीट ठरवून जा. शेवटच्या आजारात ज्या डॉक्टरनं उपचार केले, त्यानं मृत्यूच्या कारणाचा दाखला विनामूल्य द्यायचा असतो, हा कायदा आहे. पण तुमच्या वडिलांवर त्यांनी उपचार केलेच नव्हते, वडील त्यांच्याकडे पोचण्याआधीच गेले होते. म्हणून 'हार्ट अटॅकनं गेले असं लिहून द्या' असा आग्रह धरू नका, ते अडचणीत येतील आणि मग काहीच देणार नाहीत. एवढंच मागा: अमुक तारखेला, अमुक वाजता, अमुक नावाच्या माणसाला मृतावस्थेत आणलं होतं. त्यांच्या वहीत किंवा रुग्णपुस्तकात ती ओळ असेल तर तिची सही-शिक्क्याची नक्कल. हा कागद सगळ्यात वजनदार.

त्याच्या जोडीला त्या शेतकऱ्याचं दोन ओळींचं लेखी, टेम्पोच्या भाड्याची पावती किंवा फोनवरून पाठवलेल्या पैशाची नोंद, टोळीतल्या दोघांचे जबाब त्यांच्या आधार क्रमांकासह. इकडून तुम्ही ग्रामसेवकांकडून एक पत्र घ्या: अमुक तारखेला मयत गावी आणली, अंत्यविधी इथं झाला, आणि आमच्या रजिस्टरला या मृत्यूची नोंद नाही. हे पत्र ते देतील, कारण यात त्यांच्या अधिकाराबाहेरचं काही नाही. नोंद आपल्याकडे नाही हे लेखी असलं की तिकडचा अधिकारीही निश्चिंत होतो.

मुकादमानं उचलीचा विषय काढला, ते मला फार लागलं. त्याचा हिशोब वेगळा आणि हा कागद वेगळा. मृत्यूची नोंद करायला मुकादमाची परवानगी, सही, काहीही लागत नाही. तो जबाब देईना तर टोळीतल्या दुसऱ्या कोयत्याचा, म्हणजे दुसऱ्या तोडणी जोडप्याचा, जबाब चालतो. नवरा गेलेल्या बाईला दाखल्यासाठी बाकी उचलीच्या दावणीला बांधणं, हे मी आयुष्यात फार वेळा पाहिलं आहे. तुमच्या आईनं यापुढे कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नये, एवढं तिला बजावा.

तारखेबद्दल. पत्रात एका ठिकाणी तुम्ही १९ जानेवारी लिहिलं आहे आणि दुसऱ्या ठिकाणी, भावाचं म्हणणं सांगताना, २०. दोघंही खरं बोलत आहात. आपल्या घरांत दिवस सूर्योदयाला बदलतो. रात्री अडीचला गेलेला माणूस आईच्या लेखी एकोणीसलाच गेला, वर्षश्राद्धही ती त्याच तिथीला करेल, आणि तो तिचा हक्क आहे. सरकारी दिवस मात्र रात्री बाराला बदलतो. कागदावर २० जानेवारी येणार, डॉक्टरच्या वहीतही तेच असणार. आई, भाऊ, शेतकरी, टोळीवाले, सगळ्यांच्या जबाबात २० जानेवारी, पहाटे अडीच, हेच यायला हवं. एकानं १९ सांगितलं की अधिकारी अर्ज बाजूला ठेवतो. मी रजिस्टर लिहायचो तेव्हा लोक 'नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी', 'पोळ्याच्या आदल्या रात्री' असंच सांगायचे. पंचांग काढून बसावं लागायचं, आणि रात्रीच्या मृत्यूला हा घोळ हमखास व्हायचा.

नावाचंही असंच. आधार कार्ड, सातबारा आणि बँकेचं पासबुक तिन्ही एकाशेजारी एक ठेवा. समजा वडिलांचं नाव रावसाहेब आहे. आधारवर इंग्रजीत ते 'व्ही' घालून लिहिलंय की 'ओ' घालून? सातबाऱ्यावर आजोबांचं नाव आहे की नुसतं आडनाव? फॉर्ममध्ये आधारप्रमाणे लिहा, कारण बँक तेच बघते. वडिलांच्या आईचं नावही विचारतात, तेव्हा आजीचं नाव नीट लिहून द्या. कन्नड आणि इंग्रजी दोन्हीत नाव टाइप होईल. कन्नड तुम्हाला वाचता येणार नाही, पण इंग्रजी अक्षर न् अक्षर भावानं पडद्यावर बघावं आणि मगच 'हो' म्हणावं. छापल्यावर दुरुस्ती होते, पण मूळ नोंद खोडत नाहीत. बाजूला शेरा मारतात, त्यासाठी पुन्हा पुरावे, पुन्हा अर्ज.

फॉर्ममध्ये आणखी एक ओळ तुम्हाला घाबरवेल. माणूस विडी ओढायचा का, तंबाखू खायचा का, दारू प्यायचा का, किती वर्षं, असं विचारलेलं असतं. ही माहिती आकडेवारीसाठी असते, ती प्रमाणपत्रावर येत नाही. मृत्यूचं कारणसुद्धा प्रमाणपत्रावर छापायला कायद्यानं बंदी आहे. तेव्हा जे खरं आहे ते सांगून टाका.

नोंद झाली की माहिती देणाऱ्याला पहिली प्रत सात दिवसांत आणि फुकट द्यायची असते. जादा प्रतींना थोडं शुल्क पडतं. चार-पाच तरी घ्या आणि एकाही प्रतीला लॅमिनेशन करू नका. परवानगी नाकारली तर नकार लेखी मागा. तीस दिवसांत वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं आणि त्यानं नव्वद दिवसांत निकाल द्यायचा असतो.

कर्नाटकाचा कागद बीडमध्ये चालेल का, असं कोणीतरी विचारेलच. चालेल. कायदा एकच आहे, भारतातला कुठलाही मृत्यूचा दाखला भारतात कुठंही चालतो. इंग्रजी मजकूर त्यावर असतोच.

मग बँक. वडिलांचं पासबुक भरून आणा आणि गेल्या वर्षीच्या मे-जूनचं पान बघा. ४३६ रुपये कापलेले दिसले तर ती जीवनज्योती विमा योजना. तिचं वर्ष १ जून ते ३१ मे. म्हणजे जानेवारीतला मृत्यू तिच्यात बसतो, नैसर्गिक मृत्यूलाही ती लागू आहे, आणि वारसाला २ लाख रुपये मिळतात. २० रुपये कापलेले दिसले तर ती सुरक्षा विमा, ती फक्त अपघाताला. दावा खरं तर तीस दिवसांत कळवायचा असतो. उशीर झाला म्हणून बसून राहू नका. दाखला हातात येण्याआधीच आजच बँकेत लेखी अर्ज द्या, उशिराचं कारण लिहा आणि पोच घ्या. आईचं नाव नॉमिनी म्हणून लागलंय का तेही विचारा. तहसीलमध्ये राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २० हजार असतात, घर दारिद्र्यरेषेखालच्या यादीत असेल आणि कर्ता साठीच्या आत गेला असेल तर. आईचा संजय गांधी निराधारचा अर्जही त्याच खेपेत द्या. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथराव मुंडे यांच्या नावाचं महामंडळ आहे. बीडच्या समाजकल्याण कार्यालयात त्याची चौकशी करा. आईभावाची कामगार म्हणून नोंद झाली आहे का हेही तिथंच विचारा.

सातबाऱ्यावर वारस लावायला तलाठ्याकडे किंवा ई-हक्क या सरकारी संकेतस्थळावर अर्ज. दाखल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. अर्जात आई, भाऊ आणि तुम्ही, तिघांचीही नावं येतील. 'ताईचं लग्न झालंय, तिला कशाला' असं चावडीवर कोणीतरी म्हणेल. तुमचं नाव लावणं कायद्याला धरून आहे. ते वगळून केलेलं वारसपत्र खोटं ठरतं. पुढे हक्क सोडायचा की ठेवायचा ते तुम्ही आणि भाऊ शांतपणे ठरवा. आज, बाप जाऊन वर्ष व्हायच्या आत, कोणाच्या म्हणण्यावरून सोडू नका. नोटिशीचे पंधरा दिवस जातात, मग मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात.

टोळीची गाडी सुटायच्या आधी एक प्लास्टिकची पिशवी भावाच्या हाती द्या. आत वडिलांचं मूळ आधार आणि त्याच्या चार झेरॉक्स, सातबाऱ्याची आणि पासबुकाची झेरॉक्स, आईचं आणि त्याचं आधार, ग्रामसेवकांचं पत्र, आईचं लेखी म्हणणं, आजीचं नाव लिहिलेली चिठ्ठी. कोपीवर पाणी गळतं, म्हणून पिशवी नीट बांधा. तिथं पोचल्यावर पहिल्या आठवड्यातच, फड जोरात सुरू व्हायच्या आत, त्यानं तहसील गाठावी. तिथून जे सांगितलं जाईल ते त्यानं तुम्हाला फोनवर सांगावं आणि तुम्ही मला लिहून कळवा. पुढच्या अर्जाचा मजकूर मी तयार करून पाठवीन.